पांढुर्ण्याची गोटमार आणि मानवी हक्क आयोग

नागपुराहून छिंदवाड्याकडे निघालेला प्रवासी सावनेर मागे टाकून मध्य प्रदेशाच्या हद्दीत शिरला, म्हणजे रस्त्यावरील पाट्या हिंदी होतात. परंतु शेताच्या बांधावरचे बोलणे मात्र मराठीच राहते. संत्र्यांच्या बागा तशाच, कपाशीची शेते तशीच, आणि पोळ्याच्या दिवशी बैलांच्या शिंगांना बांधलेल्या गोंड्यांचा रंगही तोच. सौसर तालुक्यातील बोरगाव हे याच मार्गावरचे गाव. कारखान्यांच्या वसाहतीमुळे आज ते दूरवर माहीत झाले असले, तरी श्रावण अमावास्येला तेथील शेतकऱ्याचे मन कारखान्याच्या भोंग्याकडे नसते, ते गोठ्याकडे असते. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले. मध्य प्रांत निर्माण झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन नागपूर एका राज्यात आणि छिंदवाडा दुसऱ्या राज्यात गेला. राजधानी बदलली, कचेरीची भाषा बदलली. सणवार मात्र बदलले नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर हा मराठी मुलूख छिंदवाड्यातून वेगळा निघून त्याचा पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हाही नवे झाले ते फक्त कचेरीचे नाव.

या मुलखाच्या पोळ्याला दुसऱ्या दिवसाची एक जोड आहे. ती वाचकांस ठाऊक असेल किंवा नसेलही. नागपुरास त्या दिवशी तान्हा पोळा असतो. १८०६ साली दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी तो सुरू केला, असे सांगतात. लहान मुले लाकडी बैल सजवून दारोदार फिरतात आणि कौतुकाचा खाऊ घेऊन परततात. त्याच दिवशी नागपुरात काळी व पिवळी मारबत निघते; रोगराई, इडा-पीडा, वर्षभरातले सारे अनिष्ट त्या पुतळ्यांच्या माथी मारून नगराबाहेर नेऊन जाळले जाते. पांढुर्ण्यात मात्र त्याच दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवर दगडांचे ढीग रचलेले असतात. ही गोटमार होय.

गोटमारीचा विधी थोडक्यात असा. नदीच्या एका तीरावर पांढुर्णा आणि दुसऱ्या तीरावर सावरगाव. पळसाचे झाड तोडून आणून पात्राच्या मध्यभागी रोवतात आणि त्यावर झेंडा लावतात. पूजा होते, नवस बोलले जातात. मग पांढुर्णेकर झाड तोडून झेंडा हस्तगत करण्यासाठी पाण्यात उतरतात आणि सावरगावकर त्यांना दगडांनी अडवितात. हे दगड दोन्ही बाजूंनी येतात. झेंडा पांढुर्ण्याच्या हाती लागला, की चंडीमातेच्या नावाचा जयघोष होतो, दगड थांबतात, आणि झेंडा देवीच्या मंदिरात अर्पण केला जातो. सायंकाळपर्यंत कोणालाच यश आले नाही, तर उभय गावे समझोत्याने झेंडा देवीपाशी पोचवितात. विधीचा शेवट काहीही झाले तरी देवीच्या पायरीवरच होतो, हे येथे लक्षात ठेवावे. पुढे त्याचा विचार करावयाचा आहे.

या प्रथेच्या उगमाविषयी दोन कथा प्रचलित आहेत. पहिली अशी, की पांढुर्ण्याचा एक तरुण आणि सावरगावची एक कन्या परस्परांवर अनुरक्त झाली; तरुण तिला घेऊन पहाटे नदी ओलांडीत असता सावरगावच्या लोकांनी दगडांचा वर्षाव केला, पांढुर्णेकरांनी प्रतिकार केला, आणि त्या दोघांचा मधल्या पाण्यातच अंत झाला. शोकाकुल होऊन दोन्ही गावांनी त्यांचे देह चंडीमातेपाशी नेले, आणि त्या पातकाची आठवण म्हणून ही प्रथा पडली. दुसरी कथा भोसल्यांच्या सैन्याची आहे: जाम नदीच्या काठी सैनिक दगडफेकीचा सराव करीत, त्याचीच पुढे जत्रा झाली, असे काही जण म्हणतात. इतिहासाच्या कसोटीला यांपैकी कोणती उतरेल, हा प्रश्न बाजूस ठेवू. लोकांच्या हृदयात घर केले आहे ते पहिल्या कथेने. त्या कथेत दगड हा पराक्रम ठरलेला नाही, तो अपराध ठरलेला आहे. दोन जीव गेले याचा पश्चात्ताप हे तिचे बीज. ज्या कृत्याचा पश्चात्ताप करावयाचा, तेच कृत्य दरवर्षी पुन्हा करावयाचे आणि दरवर्षी नवे रक्त सांडावयाचे, अशी विपरीत गती या प्रथेस प्राप्त झाली आहे.

रक्त सांडते, हे अलंकारिक बोलणे नव्हे. १९५५ पासूनच्या ज्या नोंदी वृत्तपत्रांतून वारंवार दिल्या जातात, त्यांप्रमाणे मृतांची संख्या डझनाच्या पुढे आहे. जखमींची गणना दर वर्षी शेकड्यांनी होते. कोणाचा डोळा जातो, कोणाची कवटी फुटते, कोणाचा हात कायमचा निकामी होतो. शासनाने बळाचा उपायही करून पाहिला. १९७८ आणि १९८७ या दोन वर्षी पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यातही माणसे दगावली. म्हणजे दगडाने जाणारा जीव वाचवावयास निघालेल्या बंदुकीनेच जीव घेतला. पुढे या शतकाच्या आरंभी दगडांऐवजी रबरी चेंडू पुरविण्याचा प्रयोग झाला. चेंडू संपताच हात पुन्हा दगडांकडे वळले. बळ आणि युक्ती दोन्ही हरल्या, अशा अवस्थेत या प्रकरणी एक तिसरीच संस्था पुढे आली. ती संस्था म्हणजे मानवी हक्क आयोग.

या संस्थेची कुळकथा सांगणे येथे अवश्य आहे. कारण देवस्थानाच्या सभामंडपात तिचे नाव निघाले, की पुष्कळांना ते परके वाटते. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांची जागतिक घोषणा स्वीकारली. तिच्या पहिल्याच कलमात जन्मतः स्वतंत्र आणि समान असणारा घटक म्हणून केवळ पुरुषवाचक शब्द येणार होता; तो बदलून ‘सर्व मानव’ असा शब्दप्रयोग यावा म्हणून आग्रह धरणाऱ्या हंसाबेन मेहता या आपल्या पश्चिम भारतातल्याच. तेव्हा हा विचार केवळ परदेशातून आलेला आहे असे म्हणता येत नाही. त्याच्या शब्दरचनेत आपलाही हात आहे. पुढे १९९३ साली भारतात मानवी हक्क संरक्षण अधिनियम झाला, आणि १२ ऑक्टोबर १९९३ रोजी राष्ट्रीय आयोग अस्तित्वात आला. मध्य प्रदेशाचा राज्य आयोग १९९५ साली भोपाळ येथे स्थापन झाला. महाराष्ट्राचा आयोग २००१ मध्ये कामास लागला, आणि गोव्याचा २०११ मध्ये. म्हणजे पांढुर्णा-सौसरच्या मराठी माणसाला हे दार महाराष्ट्रातील त्याच्या भाऊबंदांपेक्षाही आधी उघडले.

अधिनियमात मानवी हक्कांची व्याख्या चार शब्दांवर उभी आहे: जीवित, स्वातंत्र्य, समता आणि प्रतिष्ठा. या चारांना धक्का लागला, तर पीडिताने किंवा त्याच्या वतीने कोणीही साध्या कागदावर अर्ज लिहावा. शुल्क नाही, वकील हवाच असे नाही. अर्ज न येताही आयोग स्वतः होऊन दखल घेऊ शकतो. चौकशीपुरते त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात: साक्षीदारांस बोलाविणे, शपथेवर जबानी घेणे, कागदपत्रे मागविणे. मात्र घटनेस एक वर्ष उलटून गेल्यावर त्याला चौकशी करता येत नाही. आणि चौकशीअंती तो शिक्षा देत नाही. शासनास शिफारस करतो. शासनाने महिन्याभरात, किंवा आयोग देईल त्या वाढीव मुदतीत, आपण काय केले ते कळवावयाचे असते. शिफारशीकडे दुर्लक्ष झालेच, तर उच्च न्यायालयात किंवा सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग त्याला मोकळा असतो. थोडक्यात, आयोगाच्या हाती दंड नाही; त्याच्यापाशी आहे तो शब्द.

येथे कोणी विचारील: गोटमारीत दगड मारणारे गावकरीच आणि दगड खाणारेही गावकरीच, मग शासनाला आणि आयोगाला यात पडावयाचे कारण काय? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर कायद्यातच आहे. मानवी हक्कांचा भंग एखाद्या सरकारी सेवकाने केला, तेवढ्यापुरतीच आयोगाची नजर मर्यादित नाही. असा भंग टाळण्यात सरकारी सेवकाने हयगय केली, तर तीही चौकशीस पात्र ठरते. दर वर्षी ठरलेल्या तिथीस, ठरलेल्या ठिकाणी माणसे जखमी होणार हे पंचांगाइतके निश्चित ठाऊक असताना, ते थांबविण्याचे कर्तव्य कोणाचे? हा आयोगाचा प्रश्न होय. देवीची पूजा का करता, झेंडा का लावता, असा प्रश्न त्यात कोठेही नाही.

२००८ सालच्या जत्रेत जीवितहानी झाली आणि जखमींची संख्या फार मोठी निघाली. त्यानंतर राज्य आयोगाने या प्रथेकडे विशेष लक्ष दिले, आणि २००९ साली दगडफेकीवर बंदी घालण्यात आली. तथापि ही बंदी टिकली नाही. पुढील वर्षांत गोटमार पुन्हा भरू लागली. आता दर वर्षी जमावबंदीचा हुकूम निघतो, गोफणीस मनाई होते, ठिकठिकाणी कॅमेरे लागतात; आणि त्याच वेळी नदीकाठी तात्पुरती उपचारकेंद्रे उभी राहतात, रुग्णवाहिका सज्ज ठेवल्या जातात. एका हाताने मनाई आणि दुसऱ्या हाताने मलमपट्टीची तयारी, असे हे दृश्य आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्येही जखमींची संख्या कित्येक शेकड्यांत गेली.

यावरून आयोगाचे कार्य निष्फळ ठरले, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु तो उतावळेपणाचा होईल. पूर्वी गोटमारीत मेलेला माणूस देवीच्या इच्छेने गेला, असे म्हणून घरचे लोक डोळे पुसत. आज त्या मृत्यूची दप्तरी नोंद होते, त्याची विचारणा होते, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यास उत्तर द्यावे लागते. जे नशीब समजले जात होते, ते आता हयगय या सदरात मोडू लागले. हा फरक लहान नाही. ज्या घरातील कमावता मुलगा एका दुपारी अंध होऊन परततो, त्या घराच्या दृष्टीने तर मुळीच लहान नाही.

तरीही आयोगाच्या मर्यादा नाकारून चालणार नाही. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर, तर भोपाळ त्याच्या जवळजवळ तिप्पट. बोरगावच्या मजुराला किंवा सावरगावच्या शेतकऱ्याला तेथवर जाणे जड, आणि अर्जाची भाषा घरातली नाही. शिवाय आपल्याच गावच्या जत्रेविरुद्ध अर्ज करणारा गावात एकटा पडतो. जखमी झालेला बहुधा तक्रार करीतच नाही. तो जखमेवर हळद, अंगारा लावून पुढच्या वर्षीची भाषा बोलतो. तक्रारदारच नसेल, तर चौकशी कोणाच्या नावाने करावयाची? मनुष्याने आपला हक्क स्वतःच सोडून दिला, तर तो त्याच्या पदरात बळेच कोण बांधणार?

म्हणून प्रश्न कायद्याच्या दारातून निघून पुन्हा देवळाच्या दारात येतो. आपण देवस्थानाशी बांधलेली माणसे. मानकरी, पुजारी, महाजन, सेवेकरी यांचा शब्द जत्रेच्या दिवशी हुकमापेक्षा अधिक चालतो, हे आपण अनुभवाने जाणतो. म्हणून विधीतील अवश्य भाग कोणता आणि चिकटलेला भाग कोणता, हे ठरविण्याचे काम आपलेच आहे. आपल्या समाजाने ते पूर्वी केलेही आहे. बगाडाचेच उदाहरण घ्या. एके काळी नवस फेडणाऱ्याच्या पाठीच्या कातडीत लोखंडी गळ रोवून त्याला उंच लाकडावर टांगीत. एकोणिसाव्या शतकात सरकारने ते निषिद्ध केले. पण बगाड बंद पडले नाही. वाई तालुक्यातील बावधनला भैरवनाथाचे बगाड आजही हजारो लोकांच्या साक्षीने निघते. बगाड्या आता कापडाने आणि दोरांनी बांधला जातो. गळ गेला, नवस राहिला. भैरवनाथ त्यामुळे कोपला, असे बावधनात कोणी म्हणत नाही.

दुसरे उदाहरण गोटमारीच्या अधिक जवळचे. उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यात देवीधुरा येथे वाराही देवीच्या प्रांगणात राखीपौर्णिमेस ‘बग्वाल’ नावाचे दगडयुद्ध होत असे. तेथील चार खाम, म्हणजे चार कुळसमूह, ढालीसारखी छत्रे धरून परस्परांवर दगड फेकीत. २०१३ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दगडांच्या जागी फळे आणि फुले आली. काही दगड अजूनही उडतात आणि काही लोक जखमी होतात, हे खरे. तरी देवीच्या नावाने फळ फेकता येते, हे त्या चार खामांनी मान्य केले. पांढुर्ण्यात रबरी चेंडू रुजला नाही आणि देवीधुऱ्यात फळ काही अंशी रुजले, याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. चेंडू कचेरीतून आला. त्याचा देवीशी काही संबंध नव्हता. फळफूल हे मुळातच देवीच्या ताटातले.

नागपूरची मारबत तर पांढुर्ण्याच्या शेजारचीच आणि तिथीही एकच. तेथे सारा क्षोभ पुतळ्यावर निघतो आणि माणूस घरी सुखरूप परततो. ज्या संस्कृतीने अनिष्टाला जाळण्यासाठी कागदाचा आणि बांबूचा देह निर्माण केला, तिला त्या तरुण-तरुणीच्या स्मरणासाठी खऱ्या माणसाचे डोके फोडण्याची गरज का असावी?

हा विचार केवळ दूरच्या एका नदीकाठापुरता आहे, असेही समजू नये. ३ मे २०२५ च्या पहाटे गोव्यात शिरगावच्या श्री लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली आणि सहा भाविक त्या दिवशीच मृत्यू पावले. तेथे कोणी दगड उचलला नव्हता, कोणाचा कोणावर रोष नव्हता. तरीही देवीच्या दर्शनास गेलेली माणसे घरी परतली नाहीत. गोटमार आणि ही दुर्घटना यांची जात निराळी. परंतु दोहोंतून निघणारे कर्तव्य एकच. देवाच्या दारी आलेल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी शासनावर आहे, तशीच ती आपल्यावरही आहे. ‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण भक्ताच्या धीरासाठी आहे. व्यवस्थापकाच्या निष्काळजीपणावर पांघरूण घालण्यासाठी नाही.

राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले आहे आणि त्याच वाक्यात सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांची मर्यादाही घातली आहे. २१ व्या कलमाने जीविताचे रक्षण केले आहे. ही दोन कलमे परस्परांच्या विरोधात उभी आहेत, असे काही जण मानतात. पांढुर्ण्याच्या विधीकडे नीट पाहिले, तर तो विरोध नाहीसा होतो. पळस असू द्या, झेंडा असू द्या, दोन्ही गावांचे मान असू द्या, पाण्यातली चुरस असू द्या, जयघोष असू द्या, आणि शेवटी झेंडा देवीच्या पायी जाऊ द्या. यातील एकाही गोष्टीवर आयोगाचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो एका दगडावर. आणि मूळ कथेत पाहिले, तर देवीपुढे रडत आलेल्या त्या दोन्ही गावांचा आक्षेपही त्याच दगडावर होता.

आयोगाचा शब्द भोपाळहून निघून जाम नदीच्या काठापर्यंत पोचला. त्याचे काम बहुतांशी तेथे संपते. काठावर वाकून उचललेला दगड खाली ठेवण्याचे काम कोणतीही संस्था करू शकत नाही. ते ज्याच्या हाती दगड आहे त्यालाच करावे लागते, आणि त्याला ते करावयास सांगण्याचा अधिकार देवीच्या मानकऱ्यांइतका कोणालाच नाही. जाम नदी पांढुर्ण्याहून वाहत सौसरच्या मुलखात येते आणि जामसावळीला हनुमंताच्या क्षेत्राजवळून पुढे कन्हानेस मिळते. बोरगावकडची माणसे शनिवारी त्या हनुमंताला नारळ फोडतात. देवापुढे आपले डोके फुटू नये म्हणूनच नारळ फोडावयाचा, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. त्याच पाण्याच्या वरच्या अंगाला तीच रीत यावी, एवढेच मागणे आहे. त्यासाठी नवा कायदा नको, नवा आयोगही नको. पोळ्याच्या आदल्या दिवशी दोन्ही गावांच्या मानकऱ्यांनी चंडीमातेच्या सभामंडपात एकत्र बसून, दगड न उचलण्याचा एक नारळ देवीपुढे ठेवावा. देवी तो नाकारील, असे तिच्या भक्तांपैकी कोणास वाटते?